बडोदा: ऑटिझम असलेल्या तरुणाच्या तोलासाठी थेरपिस्ट, व्यायाम सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. बोलतो मोजकं, पण स्वतःचं सगळं स्वतः करतो. अडतं ते तोलापाशी.

भरपूर उजेडात, सपाट रस्त्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की त्याचा एक हात भिंतीला जातोच. आरतीला डोळे उघडे ठेवून समईकडे एकटक बघतो. मिटले तर घोट्यांतून पुढेमागे झुलायला लागतो. पँट घालायला पलंगावर बसावं लागतं. आमचं घर दांडिया बाजारातलं, जुनं. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. संध्याकाळी कमाटी बागेत अंधारून आलं की माझा दंड घट्ट धरतो.

डोळे, कान तपासून झाले, फिट येत नाही, कुठलं औषधही चालू नाही. डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या माहितीची मेंदू सांगड घालतो, तेव्हा तोल राहतो. ऑटिझममध्ये ही सांगड कच्ची राहू शकते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५ ते ५२ वर्षांच्या लोकांचा तोल मोजला होता. ऑटिझम असलेल्यांचा तोल साधारण १२व्या वर्षापासून सुधारू लागला, पण इतर मोठ्या माणसांइतका पक्का झाला नाही. म्हणजे ही लहानपणापुरती गोष्ट नाही. तरीही आम्ही ज्या थेरपी सेंटरांमध्ये चौकशी केली तिथे झोपाळे, चेंडू, गाद्या, सगळं छोट्यांच्या मापाचं, आणि "अठराच्या वरचे घेत नाही" हेच उत्तर. याचा फार त्रास होतो हो.

बडोद्यात मोठ्यांना घेणारे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव घेणारे) कुणाच्या माहितीत आहेत का? घरी काय करून घेता येईल? एका पायावर उभं राहणं, टाच-अंगठा चाल (एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चालणं), उशीवर उभं राहणं असं मी वाचलंय, पण पडू न देता सुरुवात कुठून करायची? आईच्या मनात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. मला वाटतं, गर्दी-गोंगाटात तो बिथरेल, आधी कुणीतरी एकट्याला शिकवावं. अशा मुलाला आखाड्यात किंवा योगाला कुणी नेलंय का? आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्यात मोठ्या माणसाच्या फिजिओथेरपीची बिलं कुणाला मंजूर झाली असतील तर कागदपत्रं काय लागली, तेही सांगा.

त्याला नवरात्रात गरबा खेळायचाय. तीन टाळी त्याला अचूक येते, ताल कधीच चुकत नाही. फक्त गिरकी घेतली की पाय अडखळतात आणि तो रिंगणाबाहेर येऊन उभा राहतो. यंदा निदान कडेकडेने एक फेरी पुरी करता यावी, एवढ्यासाठी काय सराव घेऊ?

इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.