आठवणींचाच रिसेप्टर अडवून आठवण कशी सुधारणार?

शेंडेफळ
आईला अल्झायमर आहे, मध्यम टप्पा. डोनेपेझिल चालू होतंच, आता डॉक्टरांनी मेमँटिन जोडलंय: ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत २० पर्यंत. सोबतच्या कागदावर 'एनएमडीए रिसेप्टर रोखणारे' असं लिहिलंय. थोडं वाचलं तर कळलं, नवी आठवण पक्की व्हायला हाच रिसेप्टर लागतो! आई जेवून हात धुते आणि 'आज जेवायला उशीर का?' विचारते. तिचा आहे तोही रिसेप्टर अडवायचा?

अर्धवट_पीएचडी
शंका रास्त आहे. हा रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या आवरणातलं कॅल्शियमचं दार. एरवी त्यात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट (पेशींमधला निरोप नेणारं रसायन) येऊन चिकटलं तर भागत नाही; त्याच क्षणी पेशीही चांगली उत्तेजित झालेली हवी, तरच बूच उडतं. कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला जोड बळकट होतो.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा या प्रथिनाच्या पुंजक्यांमुळे ग्लुटामेट वेळेवर उचललं जात नाही, असं प्रयोगांत दिसलंय. ते रेंगाळतं, बूच सैल पडतं, कॅल्शियम सारखं झिरपत राहतं. खरा संदेश त्या गोंगाटात हरवतो आणि पेशीची नासाडी होते ती वेगळीच. मेमँटिन त्याच भोकात बसतं, मॅग्नेशियमपेक्षा जरा घट्ट, पण जोरदार संदेश आला की झटकन निघतं. सगळी गंमत या निघण्यात आहे. केटामाइनही तिथंच बसतं, पण इतक्या लवकर हलत नाही. म्हणून त्यानं भूल चढते.

रात्रपाळी
विज्ञान ठीक, पण आशा बेतानं ठेवा. बाबांची आठवण काही परत आली नाही. सदरा घालताना रोज व्हायची ती झटापट मात्र कमी झाली, आणि आमच्या घरात तेही थोडं नव्हतं. सुरुवातीला चक्कर यायची, पोटही साफ होईना. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, डोस कमी ठेवावा लागतो.

शेंडेफळ
मग डोनेपेझिल बंद करू का?

अर्धवट_पीएचडी
मुळीच नको! ते ॲसिटिलकोलिन हे दुसरं निरोप नेणारं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्याचा या दाराशी संबंध नाही. दोन्ही सोबत देतात. रोग मात्र दोन्हींनी थांबत नाही. अमेरिकेत २००३ साली मेमँटिनला मान्यता मिळाली तीही मध्यम ते तीव्र टप्प्यासाठीच, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी आत्ता ते जोडणं रीतसरच आहे.