कात्री घरांवरच का?

"मोफत औषधं बंद केली की स्कॉटलंडची तिजोरी सावरेल," असं कुणी कुणी म्हणतं. इतकं सोपं नाही ते. २०११ पासून तिथे प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत, खरं; पण गोची वेगळीच आहे. रोजच्या खर्चासाठी मनाला येईल तेवढं कर्ज काढायची मुभाच एडिनबराला, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारला, नाही. बराचसा पैसा लंडनहून, म्हणजे ब्रिटिश सरकारकडून, बार्नेट सूत्राने (स्कॉटलंडचा वाटा किती बदलायचा हे ठरवणाऱ्या हिशोबाने) येतो. मग कात्री चालते बांधकामावर. २०२४-२५ मध्ये परवडणाऱ्या घरांचा निधी सुमारे १९.६ कोटी पौंडांनी छाटला आणि मे महिन्यात गृहनिर्माण आणीबाणी जाहीर करायची पाळी आली! गरीब घरातल्या प्रत्येक मुलामागचे आठवड्याचे २६.७० पौंड सरकारी मदतीचे मात्र चालू राहिले, आणि माझ्या मते ते योग्यच. घरांचा निधी पुढच्या वर्षी ७६.८ कोटींवर न्यावा लागलाच.