चरबी दाखवणारा वजनकाटा कोणता घ्यावा? (बजेट १५०० रु.)

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १६८ सेंमी, वजन ६३ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, कागदावर सगळं ठीक. पण पोटाचा घेर ९४ सेंमी आहे आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.१ आलंय. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवण्याच्या मागे लागू नका, पोटावरची चरबी घटवा आणि स्नायू वाढवा. म्हणून चरबीची टक्केवारी दाखवणारा डिजिटल काटा घ्यायचाय. वडीलही वापरतील. बजेट १५००, त्यापुढे नाही. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

खमंग_थालीपीठ: १५०० मध्ये धड काही मिळत नाही. हातात धरायचा दांडा असलेला घ्या, मी साडेआठ हजारांना घेतला. नुसत्या पायांच्या काट्यात वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. पोटाचं त्याला फारसं कळतच नाही, तिथला आकडा सूत्राने काढलेला असतो. माझा एकदम मस्त चालतो.

लोकल_८_१२: काटा कशाला, ट्रेडमिल घ्या. आमच्याकडे आहे. पावसाळ्यात सोन्यासारखी उपयोगी पडते.

पिवळा_चाफा: माझ्या काट्यावर सकाळी चरबी २९ टक्के, रात्री २५. दिवसाभरात चार टक्के जाते होय? दुकानदार परत घ्यायला तयार नाही, वर म्हणतो ॲप अपडेट करा. पैसे पाण्यात.

सह्यकडा: चाफाताई, काटा बिघडलेला नाही. तो चरबी मोजतच नाही, विजेला होणारा अडथळा मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते. त्यामुळे पाणी किती प्यालात, घाम किती गेला, यावर आकडा हलतो. रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वीच उभं राहायचं. मग महिन्यांचा कल तरी कळतो.

गोदाकाठ, तुमचा बीएमआय वाचून एक फोटो आठवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा, २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोघांचाही बीएमआय २२.३, नेमका तुमचाच. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे अंगाने बारीक माणसाला मधुमेह होतो तो असा. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी धरतात, स्त्रियांसाठी ८०. तुमचा काटा म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढू नका.

भातखाऊ_मालवणी: टेपच. सह्यकडा यांना +१.

निवांत: भात बंद करा, बाकी काही लागत नाही. मी सोडला आणि आठवड्यात तीन किलो उतरले.

भातखाऊ_मालवणी: ते पाणी उतरलं. पिष्टमय खाणं तोडलं की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा रिकामा होतो, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी जातं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, तीन किलो आठवड्यात कशी जाईल? भाताला उगाच दोष देऊ नका. भात सोडून संध्याकाळी १०० ग्रॅम शेंगदाणे खाल्लेत तर साडेपाचशेच्या वर कॅलरी पोटात गेल्या.

निवांत: मला फरक पडला तो पडला. शेंगदाणे मी खात नाही.

खमंग_थालीपीठ: अवांतर नको. दांड्याचा काटा सेलमध्ये बघा, सातपर्यंत मिळेल.

ओवी_१२: वडील वापरणार म्हणालात. त्यांना पेसमेकर असेल तर अशा काट्यावर अजिबात उभं करू नका, माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. गरोदर बाईनेही वापरू नये.

गोदाकाठ: ओवीताई, फार मोठे आभार. वडिलांना पेसमेकर आहे आणि दुकानात हे कुणीच विचारलं नाही. काटा रद्द. टेप आईच्या शिलाई मशीनच्या खणात आहेच. १५०० रुपयांत डंबेल्सची जोडी घेतोय. इथे कुणी सुचवली नाही, पण जेवणानंतर रक्तातली साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात आणि माझ्याकडे तेच कमी आहेत. दर रविवारी कंबर मोजेन, तीन महिन्यांनी एचबीए१सी.

लोकल_८_१२: डंबेल कोपऱ्यात पडून राहतात. ट्रेडमिलचा विचार करा.

सह्यकडा: उत्तम. सोबत प्रथिनं बघा. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या हिशोबाने रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला निदान ५२ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात ती भागत नाहीत. डाळ घट्ट करा, उसळ आणि दही वाढवा.

पिवळा_चाफा: रबरी आवरणाचे घ्या. लोखंडी डंबेल पडून आमची फरशी फुटली.