मदत हवी आहे: बामणोली-तापोळा भागात वडिलांसाठी चार रात्री खरं लाकडी घर

मंडळी, नमस्कार.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात चार रात्रींसाठी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला, शक्यतो बामणोली किंवा तापोळ्याच्या बाजूला, लाकडी केबिन किंवा जुन्या पद्धतीचं कौलारू घर भाड्याने हवं आहे. येणार आम्ही तिघं, मी, माझे यजमान आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांचं वय ७३. उजवा गुडघा दुखतो आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं.

नुसती सहल असती तर इथे विचारलं नसतं. अण्णांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. धरण १९६४ साली पुरं झालं, पण घरं त्याआधीच उठली होती. अण्णा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. आजोबांनी घर उतरवलं, तुळया, वासे, दारं बैलगाडीत घातली आणि निघाले. नव्या जागी त्यातलं बरंचसं लाकूड पुढे सरपणात गेलं. आज आमच्याकडे त्या घराची एकच वस्तू आहे, माजघराच्या दाराचा कोयंडा. बोटाएवढं जाड लोखंड, आतल्या बाजूने हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. अण्णा तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावतात.

संक्रांतीला तिळगूळ देताना ते एकदम म्हणाले, "एकदा माळ्याखाली झोपायचंय. लाकडाचा वास यायला पाहिजे आणि समोर पाणी दिसलं पाहिजे." आजवर त्यांनी आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे हे नीट जमावं अशी फार इच्छा आहे.

गेल्या दिवाळीत एक चूक झाली, तीही सांगते. 'जंगलातली लाकडी केबिन' अशी जाहिरात बघून महाबळेश्वरच्या वाटेवर एक जागा घेतली. फोटोत गोल ओंडक्यांच्या भिंती. प्रत्यक्षात सिमेंटची खोली, बाहेरून लाकडासारखा रंग दिलेला. शेजारच्या लॉनवर रात्री एकपर्यंत स्पीकर. बाथरूमची पायरी दीड फूट उंच, धरायला काही नाही. अण्णा पहाटे तिथे घसरले, सुदैवाने मनगटावर निभावलं. त्या चार दिवसांत ते एकदाही बाहेर खुर्ची टाकून बसले नाहीत. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच.

म्हणून विचारते. या भागात खरोखर लाकडाचं घर भाड्याने मिळतं का, आणि ते खरं आहे हे फोनवरून कसं ओळखायचं? कमोड हवाच. इन्सुलिन ठेवायला फ्रिज नसेल तर काय करायचं? आणि अण्णांना होडीतून त्यांच्या गावाच्या जागेपर्यंत नेता येईल का? आम्ही सांगलीहून गाडीने येणार, कराड-साताऱ्यावरून.

प्रतिसाद १

ताई, मी जावळीतलाच. आमच्या पावसात ओंडक्याची भिंत टिकवणं सोपं नाही. चार महिने लाकूड फुगतं, मग उन्हाळ्यात तडकतं, आणि राहिलेलं काम वाळवी करते. म्हणून आमच्या जुन्या घरांना खाली दगडी जोतं, मधे लाकडी खांब, वर तुळया-माळा आणि त्यावर कौलं असतात. भिंत दगडमातीची किंवा कुडाची. अण्णांनी लहानपणी बघितलं ते हेच घर. तुम्ही 'केबिन' शोधत बसू नका, 'माळ्याचं कौलारू घर' असं विचारा. काठावरच्या गावांत अशी काही घरं पाहुण्यांना देतात.

फोनवर ओळखायचं असेल तर मालकाला सांगा, आत उभं राहून आढ्याचा व्हिडिओ काढून पाठव. बाहेरचा फोटो काहीच सांगत नाही. आढं, वासे आणि कौलाची खालची बाजू दिसली की समजतं. दुसरं, खांब जमिनीला टेकतो तिथला फोटो मागा. खाली दगड असेल तर घर जुनं आणि जपलेलं. खांब थेट फरशीत किंवा काँक्रीटमध्ये गेला असेल तर बहुधा शोभेचा.

आणि 'जंगलाच्या आत' राहायला देतो असं कोणी म्हणालं तर पैसे पाठवू नका. पाण्यापलीकडचं रान कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथल्या वासोटा किल्ल्यालासुद्धा वनखात्याची परवानगी काढून सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. रात्री तिकडे राहू देत नाहीत. मुक्काम अलीकडच्या काठालाच.

धागाकर्ती

दादा, आढ्याच्या व्हिडिओचं अगदी पटलं. अण्णांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'जोतं' शब्द आल्यावर म्हणाले, आमच्या जोत्याला पाच पायऱ्या होत्या. आजवर पायऱ्यांचं कधी बोलले नव्हते. पण त्यावरून सुचलं, आताच्या घराला पायऱ्या किती हेही विचारायला हवं. पाच असतील तर गुडघ्याला जड जाईल.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे, इन्सुलिनचं सांगते. वापरात असलेली बाटली किंवा पेन थंड सावलीत, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस त्या औषधाच्या चिठ्ठीवर बघा, प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात. जास्तीची बाटली मातीच्या मडक्यात ठेवा. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं. बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात. फडकं सकाळ-संध्याकाळ ओलं करा. बर्फाला टेकवून मात्र अजिबात ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं. आणि औषध गाडीत ठेवून खाली उतरू नका, मेच्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते.

काकांना खाली अंथरुणावर झोपवू नका, खाट मागा. त्या रानात फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप आहेत. खाट भिंतीपासून हातभर लांब, उशाला बॅटरी, पायताण घालण्याआधी झटकायचं. कोणाला काही चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. पाय हलू न देता थेट साताऱ्याच्या सिव्हिलला. रात्री गाडी आणि गाडी चालवणारा दारात हवा, एवढं मालकाकडून आधी कबूल करून घ्या.

प्रतिसाद ३

चांदोलीच्या बाजूचा विचार केलात का? सांगलीहून शिराळ्यावरून जवळ पडेल, गर्दीही कमी.

धागाकर्ती

जवळ पडेल खरं, पण तिथलं पाणी वारणेचं. अण्णांना कोयनेचंच हवंय.

ताई, मडक्याचं आजच करून बघते. खाटेचंही लिहून घेतलं.

प्रतिसाद १

होडीचं राहिलं होतं. बामणोलीहून लाँच मिळते, अख्खी ठरवावी लागते. पण मेचा विचार करून या. कोयनेचं पाणी वीज करायला पश्चिमेला पोफळीकडे जातं, त्यामुळे उन्हाळा सरेपर्यंत पातळी खूप उतरते. होडी नेहमीच्या धक्क्याला लागत नाही, खाली गाळात उतरून चालावं लागतं. वरून गाळ वाळल्यासारखा दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. काकांच्या गुडघ्याला हे झेपणार नाही.

पण पाणी उतरतं म्हणूनच जुन्या खुणा उघड्या पडतात. कुठे जोती, कुठे देवळाचे दगड. काकांचं गाव किती खोलात आहे त्यावर ठरेल. माझं ऐकाल तर एप्रिलच्या सुरुवातीला या. ऊन जरा कमी आणि होडी अजून बऱ्यापैकी वर लागते. मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडत असताना पाण्यात राहू नये. निघायचं ते सकाळी सातला, लाइफ जॅकेट मागून घालायचं, आणि दहा-साडेदहाला परत.

साताऱ्याहून यवतेश्वर घाट, कास, मग बामणोली. अंधार पडायच्या आत पोहोचा, संध्याकाळी त्या रस्त्यावर गवे आडवे येतात.

धागाकर्ती

दादा, तुमचं ऐकलं. एप्रिलचा पहिला आठवडा ठरवला, यजमानांची रजाही झाली. आज तीन ठिकाणी फोन केले. एकाने आढ्याचा व्हिडिओ मागताच फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी कमोड नाही. तिसरीकडे घरातल्या आजींनीच फोन घेतला. म्हणाल्या, माळा आहे, पायऱ्या दोन आहेत, कमोड मागच्या वर्षी मुलाने बसवला, जेवायला नाचणीची भाकरी आणि जे असेल ते कालवण. नातू शाळेतून आला की व्हिडिओ पाठवते.

संध्याकाळी व्हिडिओ आला. अण्णांनी तो चार वेळा बघितला आणि मग देव्हाऱ्यातून कोयंडा काढून आणला. तो सोबत न्यायचा म्हणतात.

आता एकच शंका. अण्णांना गावाचं नाव आणि शेजारच्या ओढ्याचं नाव आठवतं, बाकी काही नाही. एवढ्यावरून पाण्यातली ती जागा दाखवू शकेल असा बामणोलीतला जुना, वयस्कर होडीवाला कसा गाठायचा? गावात कोणाकडे चौकशी करू?