जुळी देणाऱ्या मेंढ्या परवडतात का?

माणदेशी_वाडा: राम राम मंडळी, ४० दख्खनी मेंढ्या आहेत, एका वेताला एकच कोकरू, तेही ३ महिन्यांनी विकायला काढलं तर व्यापारी नुसता पाठीवर हात फिरवून भाव पाडतो. वजन वाढवायला माडग्याळ जातीचा मेंढा घालू की फलटणची जुळी देणारी नारी सुवर्णा जात आणू?

फलटणकर: दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत दादा. माडग्याळ (जत भागातली) उंच, वाढ जोरात. नारी सुवर्णात सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला फेकबी नावाचा जीन (आनुवंशिक गुण) आहे, त्याने जुळी होतात. नर मेंढ्यात या जीनच्या दोन्ही प्रती (एक आईची, एक बापाची) असतील तर प्रत्येक कोकराला एक प्रत जातेच, रक्त तपासून कळतं ते, म्हणून रिपोर्ट बघूनच मेंढा घ्या. पण फायदा त्याच्या लेकी वितील तेव्हा, तुमच्या आत्ताच्या मेंढ्या एकच देणार.

धनगराची_लेक: आमच्याकडं जुळी व्हायला लागली तेव्हा पहिल्या वर्षी लहान कोकरं दगावली, मोठं दोन्ही सडं ओढायचं आणि धाकटं पोट खपाटीला जाऊन कोपऱ्यात थरथरत उभं. आता गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना मका भरडा न् पेंड चालू करतो, जन्मल्यावर तासाभरात दोघांना चीक पाजतोच. नुसत्या चराईवर असाल तर जुळ्यांच्या नादी लागू नका, माडग्याळच घाला. आणि दादा, मेंढा दर दोन वर्षांनी बदला, लेकींवर बाप जाऊ देऊ नका!

माणदेशी_वाडा: ताई चाऱ्याचंच अवघड आहे आमच्याकडं, मग यंदा माडग्याळच बघतो.