जुन्या संगणकांसाठी हलके डेस्कटॉप: एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी की मेट?

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला देणगीत काही जुने संगणक मिळाले आहेत. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, असे त्यांचे स्वरूप आहे. त्यांवर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली बसवायचे ठरले आहे, पण डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेन्यू आणि खिडक्या यांची मांडणी, कोणता घ्यावा हे ठरत नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले तेथे संकेतस्थळे पाहतील आणि लिब्रेऑफिसमध्ये मराठीत टिपणे लिहितील. बहुतेकांनी आजवर फक्त विंडोजच वापरले आहे. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी आणि मेट यांपैकी कोणता निवडावा, की ओपनबॉक्ससारखा नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या हाताळणारा प्रोग्रॅम) पुरेल?

उत्तर १

माझे मत एक्सएफसीईला. लॉगिन केल्यानंतर लगेच मेमरी मोजली तर या तिघांत जो फरक दिसतो, तो एखादे जड संकेतस्थळ उघडताच नगण्य ठरतो, कारण २ जीबीच्या यंत्रावर खरा भार ब्राउझरचा असतो. म्हणून मेमरीच्या आकड्यांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: नवख्या माणसाला तो समजतो का, आणि ब्राउझरशी त्याचे जुळते का.

फायरफॉक्स हा ब्राउझर खिडक्या व बटणे दाखवण्यासाठी जीटीके ३ हा तयार सॉफ्टवेअर-संच वापरतो आणि एक्सएफसीईही जीटीके ३ वरच बेतलेला आहे, त्यामुळे त्या संचाच्या सामाईक फाइल्स मेमरीत एकदाच येतात आणि दोघांच्याही उपयोगी पडतात. ओलिव्हिए फोर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प सावकाश बदलतो, आणि वाचनालयासारख्या ठिकाणी हा मोठाच गुण आहे, कारण आज शिकवलेली मांडणी पुढच्या आवृत्तीतही ओळखीची राहते. बसवल्यानंतर विंडो मॅनेजरच्या जादा सेटिंगमध्ये जाऊन कंपोझिटर (खिडक्यांना दृश्य परिणाम देणारा भाग) तेवढा बंद करा. सावल्या आणि पारदर्शकता जाईल, पण जुन्या ग्राफिक्स चिपवरचा ताण कमी होईल.

मेट हा २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आल्यानंतर ग्नोम २ ची मांडणी टिकवण्यासाठी निघालेला डेस्कटॉप आहे. तो चांगला आहे, पण येथे त्याचा वेगळा लाभ दिसत नाही. नुसता ओपनबॉक्स मात्र टाळावा. रिकाम्या पडद्यावर उजवे बटण दाबल्याशिवाय मेन्यू मिळत नाही आणि पॅनेल, आवाज, वायफाय, पेन ड्राइव्ह यांची जुळवाजुळव तुम्हालाच करावी लागते.

उत्तर २

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, तरी एलएक्सक्यूटीचा विचार सोडू नये. हाँग जेन यी यांच्या एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपची क्यूटी (जीटीकेसारखाच दुसरा संच) आवृत्ती आणि रेझर-क्यूटी हे दोन प्रकल्प एकत्र येऊन तो घडला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, अशी त्याची रचना विंडोजची सवय असलेल्यांना लगेच उमगते. फायरफॉक्समुळे क्यूटीसोबत जीटीकेही मेमरीत येते, हा आक्षेप मात्र खरा आहे. लिब्रेऑफिससाठी क्यूटीचे वेगळे पॅकेज मिळते, पण ब्राउझरला तशी सोय नाही.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मूळ एलएक्सडीईही दिसेल. हलका म्हणून तो निवडू नका. त्याचा पाया असलेल्या जीटीके २ ची देखभाल २०२० मध्येच थांबली आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक्सएफसीई घ्यावा असे वाटते. मराठी टंकलेखनासाठी वेगळी प्रणाली चालवल्यास मेमरीवर भार पडेल का?

उत्तर ३

मुलांना इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीही वेगळे चालवावे लागत नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमधील लेआउटच्या पानावर सिस्टिमची मूळ निवड बंद करून इंग्रजीच्या जोडीला मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि अदलाबदलीची कळ ठरवून द्या. हा लेआउट एक्सकेबी या सिस्टिममधील कीबोर्ड-व्यवस्थेतच असल्याने पार्श्वभूमीला कोणताही प्रोग्रॅम लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी आयबस व एम१७एन हे टंकलेखनाचे प्रोग्रॅम लागतील. त्यांचा भार अगदी थोडा आहे. लोहित किंवा नोटो यांपैकी एक देवनागरी फाँट आवर्जून बसवा.

डेस्कटॉप कोणताही असो, झेडरॅम ही लिनक्समधील सोय चालू करा. रॅममधील सध्या वापरात नसलेली माहिती ती आकाराने लहान करून रॅममध्येच ठेवते, त्यामुळे ती संथ डिस्कवर हलवण्याची (स्वॅप करण्याची) वेळ कमी येते. देणगीदारांकडून आणखी थोडी रक्कम मिळाली तर आधी प्रत्येक यंत्राला छोटी एसएसडी घ्या. प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळ तिच्यामुळे जितका घटेल, तितका डेस्कटॉप बदलून घटणार नाही. त्यानंतर रॅम ४ जीबी करता आली, तर तुमच्या मुलांना ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एकाच वेळी उघडे ठेवून काम करता येईल.