मदत हवी आहे: नागपूरच्या महाल भागात मावशीसाठी सकाळी २ तास येणारी बाई
नमस्कार, माझी मोठी मावशी, वय ८१, महालात एकटीच राहते, दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडली तेव्हापासून वॉकर धरूनच चालते. डबा लावलाय पण आंघोळ घालायला कोणी नाही, परवा गेले तर केसांच्या जटा झालेल्या, म्हणे आठ दिवस नुसतं अंग पुसतेय, फार वाईट वाटलं हो. एजन्सीवाले १२ तासांचीच बाई देतात, तिच्या पेन्शनमध्ये ते बसत नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलंय पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाचं. ज्येष्ठांची १४५६७ हेल्पलाइन कोणी लावली आहे का, त्यातून घरी येणारं माणूस मिळतं का? महाल, इतवारीकडची विश्वासू बाई माहीत असेल तर प्लीज सांगा, मला मानेवाड्याहून रोज जाणं जमत नाहीये.